वेणी वाढव

सोनटक्क्याची पहिली टोपली दुकानात आली की माझं डोकं धरतं. लोकांना तो वास आवडतो, आवडो बापडा. श्रावण सरता सरता डोंगराकडच्या बाया पानात गुंडाळलेले सोनटक्के घेऊन पेणच्या बाजारात उतरतात, मागोमाग तेरडा येतो, मग केवडा, आणि आमचा आख्खा रस्ता घमघमतो. येणारीजाणारी माणसं थांबून म्हणतात, "काय सुरेख वास सुटलाय हो ताई." मी मान हलवते. गिऱ्हाइकाचं सुख दुकानदाराने मोडू नये. पण खरं सांगते, भाद्रपद लागला की मला त्या पायरीवर बसवत नाही.

हात मात्र चालू असतात. हमरापूरकडून मूर्तींचे टेम्पो निघालेले, त्यांनी रस्ता तुंबलेला, हॉर्न, पाऊस, मधेच ऊन, आणि मी मांडीवर ओलं फडकं पसरून ओवते आहे, ओवते आहे. बोटांना विचार करावा लागत नाही, आणि तिथेच घात होतो. बोटं मोकळी असती तरी चाललं असतं, डोकं मोकळं नको.

परवा संध्याकाळी शेजारचा नारळवाला मला रागावला. त्याने विचारलं, "ताई, आज लवकर?" मी म्हटलं, "हो, दुकान बंद करतेय." तो कानावर हात ठेवून म्हणाला, "सणासुदीचं असं काय बोलतेस? वाढवतेय म्हणावं." मी म्हटलं, "बंद करतेय. बंद." आणि त्याच्या तोंडासमोर फळी लावली. मला ठाऊक आहे तो काय म्हणतो ते. माझ्या सासूबाईंनी मला ह्याच पायरीवर बसवून शिकवलं होतं. फुलं संपली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. लग्न होऊन आले तेव्हा मी वीस वर्षांची, वरणभातासारखं सरळ बोलणाऱ्या घरातून आलेली. मला ह्या उलट्या भाषेचं हसू यायचं. पण शिकले. पुढे इतकी शिकले की तीस वर्षांत ह्या दुकानात एकदाही काही संपलं नाही. सगळं वाढतच गेलं.

आता मी तो शब्द उच्चारत नाही. कारण सांगते, पण ते एका दमात सांगता येणार नाही.

आमच्या दुकानावर एक पाटी आहे. "आजची फुलं आज." मीच रंगवून घेतली होती. त्याचं झालं असं की इथली पोरं शिकली, मुंबईला गेली, पुण्याला गेली, आखातात गेली, आणि तिकडून फोन करायला लागली. "काकी, आईचा वाढदिवस आहे, आजच्या आज फुलं पोचतील का?" पोचतील, मी म्हणायचे. पेणात पोचवणं काही अवघड नव्हतं. अवघड होती ती खाडीकाठची गावं. आणि ती पोरं सगळी तिथलीच.

सुरुवातीला मी हौसेने गुच्छ बांधले. रंगीत कागद, रिबिन, मधे जर्बेरा. पहिला गुच्छ गेला एका सासूबाईंना, मुंबईच्या सुनेकडून. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "फुलं चांगली होती गो, पन वास नाय त्यांना. देवाला वाहिली. पाला शेळीने खाल्ला." मी सुनेला कळवलं की फुलं आवडली. खोटं नव्हतं. शेळीला तरी नक्की आवडली. तेव्हापासून मी खाडीकाठी गुच्छ पाठवणं सोडलं. झेंडू, शेवंती, हार, गजरा, वेणी. ज्याला जे लागतं ते.

बेटखार हे त्यातलं शेवटचं गाव. तिन्ही बाजूंनी खाडी, चौथ्या बाजूला बांध, आणि बांधावरूनच रस्ता. चाळीसेक घरं, सगळी एकाच भावकीची. काही मिठागरात राबायची, बाकीची बांधाच्या आतल्या खाऱ्या जमिनीत भात लावायची. पेणहून रिक्षाने पाऊण तास, तोही ओहोटी असली तर. उधाणाची भरती आली की रस्त्याचा खोलगट तुकडा पाण्याखाली जायचा आणि तीनेक तास गाव तुटलेलं. मुंबईचा मुलगा फोनवर विचारायचा, "काकी, किती वाजता पोचेल?" मी म्हणायचे, "आज तिथी काय आहे?" तो हसायचा. त्याच्याच गावचं पाणी, पण तो विसरला होता.

तिथी बघायची जनूभाऊने. जनूभाऊ आमचा पोचवणारा. पंचावन्न-साठीचा माणूस, आधी मिठागरात होता, पाय मिठाने खाल्ले तेव्हा रिक्षा घेतली. त्याला घड्याळाची गरज नव्हती. तिथीला पाऊणकीने गुणायचं की भरतीची वेळ निघते, हे त्याचं गणित. "तीन पाऊण सव्वादोन. तृतीयेला सव्वादोनला भरती. आपल्या खाडीत वर अर्धा तास धर." शाळेत पाऊणकीसाठी मार खाल्लेली मी, मला ह्या वयात ती पाठ झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरला मी तारखेसाठी कधी बघितलंच नाही.

आणि बेटखारातला माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे धर्मा. फोनबिनच्या आधीपासूनचा. दर शुक्रवारी तो होडीने बाजाराला यायचा, काम उरकायचा आणि जाता जाता दुकानासमोर उभा राहायचा. अबोलीची वेणी. वीतभर. स्वतःची वीत पसरून दाखवायचा, जसं काही मला माहीत नाही. सासूबाई होत्या तेव्हाही वीतभर, मी बसायला लागले तेव्हाही वीतभर. सणाला मी म्हणायचे, "धर्मादादा, आज हातभर ने की. चांगुणाबाय खूश होईल." तो म्हणायचा, "नको. केस पन तेवढंच हायत तिचं." आणि स्वतःच हसायचा. वेणी केळीच्या पानात बांधून टोपीखाली ठेवायचा, भिजू नये म्हणून. डोक्यावर बायकोची वेणी घेऊन होडीत बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अबोलीला वास नसतो. म्हणून मला ते फूल बरं वाटतं. आठवणीने छळत नाही, असं पूर्वी वाटायचं.

एका पावसाळ्यात धर्माचं उजवं अंग गेलं. वाचा गेली. मुलगा मंगेश आखातात कुठल्याशा कंपनीत, वर्षातून एकदा येणारा. त्याने तिकडून फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकी, बाबा शुक्रवार आला की बेचैन होतात. डाव्या हाताने डोक्याला हात लावतात. आईला आधी कळलंच नाही, वाटलं डोकं दुखतं. ते टोपी शोधत होते."



"दर शुक्रवारी एक वेणी पाठवाल? आईला नाही द्यायची. बाबांच्या हातात द्यायची. ते देतील. उजेड असेतोवर पोचली पाहिजे काकी, संध्याकाळ झाली की ते रडतात. आपल्याला आणता आली नाही असं वाटतं त्यांना."

तर हे असं होतं. एवढंसं काम. वीतभर अबोली, शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, एका माणसाच्या डाव्या हातात. पण ह्या दुकानात मी जेवढी कामं केली त्यात मला खरं वाटलेलं काम तेच. बाकी सगळं हौसेचं होतं. ह्या वेणीवर एका माणसाचा आठवडा उभा होता.

जनूभाऊ परत आला की मी त्याला चहा द्यायच्या आधी विचारायचे, "दिली?" तो सांगायचा. जनूभाऊ कमी बोलणारा, पण शुक्रवारचं नीट सांगायचा. तो खाटेशी जाऊन धर्माच्या डाव्या हातात वेणी ठेवतो. मग चांगुणाबाय पदर सावरून खाटेशी खाली बसते आणि त्याच्यापुढे पाठ करते. धर्मा डाव्या हाताने वेणी माळायला बघतो. त्या हाताला सवय नाही. कधी ती मानेवर पडते, कधी कानावर अडकते. "अन् ती तशीच उठते ताई. कानावर टांगलेली तरी सरळ करत नाय. तशीच भाकऱ्या भाजते." मी म्हटलं, "आणि तो?" जनूभाऊ म्हणाला, "तो झोपतो मंग. गाढ."

पुढची दोन वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही. उधाणं आली, रस्ता वाहून गेला, नागोठण्याला पाणी चढलं, इकडे पेणात बाजार बुडाला, पण जनूभाऊ कधी रिक्षाने, कधी होडीने, कधी कमरेएवढ्या पाण्यातून मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घातलेली वेणी डोक्यावर धरून गेला. मला त्याचा अभिमान वाटायचा. म्हणजे खरं तर माझाच वाटायचा. "आजची फुलं आज." माणसाला आपल्या पाटीची घमेंड चढते, तशी मला चढली होती.

गाव मात्र त्याच दोन वर्षांत खचत होतं. बांधाला खांड गेली, भगदाडच पडलं. एक खांड बुजवेपर्यंत दुसरी. खाडीचं पाणी भातात शिरलं की ते नुसतं येऊन जात नाही, मीठ ठेवून जातं. पुढच्या वर्षी रोपं लावली तर पिवळी पडून बसली. मग कुणी पोराकडे पनवेलला गेलं, कुणी रोह्याला, कुणी कंपनीच्या शिफ्टच्या सोयीने नागोठण्याकडे. मला ते फोनवरून कळायचं. पूर्वी महिन्याला दहा-बारा जण बेटखारला फुलं पाठवायचे. मग आठ, मग तीन. "काकी, आता आईला इकडेच आणलंय." बरं झालं, मी म्हणायचे. पुढे दर शुक्रवारची एकच वेणी उरली. जनूभाऊ तेवढ्यासाठी जायचा. मी त्याला म्हटलं होतं, "कंटाळा आला तर सांग." तो म्हणाला, "कंटाळा कामाचा नाय, त्या रस्त्याचा येतो. कुणी भेटतच नाय."

आणि मग ती हरतालिका आली. शुक्रवारीच आली.

ज्याने गणपतीच्या आदल्या दिवशी फुलांचं दुकान पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी पाचपासून माणसांच्या भिंती. हार, दूर्वा, केवडा, पत्री, "माझं आधी", "मी मघापासून उभीय". मी कडक उपाशी, आमच्या ह्यांच्यासाठी, आणि हे समोरच्या टपरीवर वडापाव खात उभे. त्यातच अकराच्या सुमाराला फोन वाजला. खांद्यावर फोन, मानेने दाबलेला, दोन्ही हात फुलांत. चांगुणाबायचा आवाज. तिने स्वतःहून मला फोन करायची ती पहिलीच वेळ.

"बाय, वेणी वाढव आता."

मला काय आनंद झाला. हरतालिकेचा दिवस, सवाष्ण बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाने मागतेय, वीतभर नको, मोठी कर. मी दुकानातल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी हसले. म्हटलं, "वाढवते की. आज तुझी नाही वाढवायची तर कुणाची? चांगली दोन हाताची करते, शेवंती घालून, मरवा घालून. धर्मादादाला सांग, आज वीत चालायची नाही."

पलीकडे आवाज नाही. बेटखारला रेंज जायची, त्यात नवल नव्हतं. मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

तिचं ते 'बरं' मी आजवर किती वेळा ऐकलंय. भांडी घासताना ऐकते. तेव्हा मात्र मी ते ऐकलंच नव्हतं, तेव्हा समोरची बाई केवड्याच्या भावावरून माझं डोकं खात होती.

मी वेणी केली. एवढ्या गर्दीत, गिऱ्हाइकांना थांबवून, स्वतः केली. अबोलीचे पेर, मधे पांढरी शेवंती, कडेने मरवा. चांगली दोन हात लांब. बायका माना वेळावून बघत होत्या. एक म्हणाली, "कुणाची हो एवढी?" मी म्हटलं, "भाग्यवान बाईची."

असं म्हणाले मी.

जनूभाऊला निघायला उशीर झाला, मूर्तींच्या टेम्पोंनी रस्ता धरलेला. तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. तो बांधावर पोचला तेव्हा पाणी चढलेलं. मी दर वीस मिनिटांनी फोन करत होते. "जनूभाऊ, आज तरी चुकायची नाही हं. आज हरतालिका आहे. तिने तोंडाने मागितलीय." तो म्हणाला, "होडी पन नाय दिसत कुठं. सगळा सामसूम हाय." मी म्हटलं, "मग पाण्यातून जा." बसलेल्या जागेवरून हुकूम सोडायला काय जातं.

तो चारनंतर मांडीएवढ्या पाण्यातून गेला. खोकं डोक्यावर. पुढचं मला त्याने त्या दिवशी सांगितलं नाही, नंतर सांगितलं. पडवीत बाया बसलेल्या होत्या. पुरुष अंगणात, डोक्याला पंचे. चांगुणाबाय भिंतीला टेकून, कपाळ मोकळं. जनूभाऊला एका क्षणात सगळं कळलं. धर्मा पहाटेच गेला होता, आणि पाणी चढायच्या आत त्याला नेऊनही झालं होतं. जनूभाऊ खोकं पाठीमागे धरून तसाच मागे सरायला लागला. पण चांगुणाबायने बघितलं होतं. तिने हात पुढे केला. त्याला नाही म्हणता येईना.

तिने खोकं उघडलं. वेणी वर काढली. ती निघतच राहिली, एवढी लांब. पडवीतली एक म्हातारी तोंडात पदर कोंबून ओरडली, "कुनी पाठवली ही अवदसा?" चांगुणाबायने तिला गप्प केलं. उठली, आत गेली, आणि वेणी त्या रिकाम्या खाटेवर ठेवून आली. डाव्या बाजूला, जिथे त्याचा हात असायचा.

संध्याकाळी जनूभाऊ परत आला तेव्हा दुकानात अजून रांग होती. तो गर्दीतून पुढे आला, कमरेपर्यंत भिजलेला. मी म्हटलं, "दिली?" तो पायरीशी वाकला. मग हळू म्हणाला, "ताई, तू फुलवाली. वेणी वाढव म्हंजे काय, ता तुला नाय कळला?"

मला कळलं. उभ्या उभ्या कळलं. सासूबाईंनी ज्या पायरीवर शिकवलं त्याच पायरीवर. 'बंद कर' तिला म्हणता येईना, सौभाग्याची वस्तू ती, तिला बंद कसं म्हणणार. नवऱ्याला नेऊन चार तास झाले नव्हते आणि त्या बाईला आठवलं की आज शुक्रवार आहे, फुलवाली वेणी करील, जनूभाऊ पाण्यातून हेलपाटा घालील, त्याला वाचवावं. म्हणून तिने फोन केला. आणि मी हसले.

मंगेशला तोवर काही ठाऊकच नव्हतं, तो शिफ्टवर होता, फोन बंद. त्याला कळलं असतं तर त्याने मला कळवलं असतं. असं मी मनाला पुष्कळ दिवस सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

बाराव्या दिवशी मी गेले. फुलवाली म्हणून इतकी वर्षं त्या घरात माझा माल गेला, मी पहिल्यांदा गेले. हातात काय न्यावं ते कळेना. फुलं तर नेता येत नव्हती. केळी नेली. इकडे पेणात अनंत चतुर्दशीची तयारी, ताशे वाजताहेत, आणि बेटखारात एकाही घरात गणपती बसला नव्हता. आख्खी भावकी सुतकात. उरलेल्या दहा-अकरा घरांतली मखरं सजवलेली तशीच होती, रंगीत कागद लावलेली, आणि आत रिकामा पाट. मूर्ती हमरापूरच्या कारखान्यातून उचललीच नव्हती कुणी. मी प्रत्येक दारावरून जाताना आत बघत गेले, बघू नये तरी बघत गेले.

चांगुणाबाय पडवीत तांदूळ निवडत होती. मला बघून सरकली, जागा केली. मी बसले आणि रडायलाच लागले. ज्याच्या घरी गेलं त्याने समजूत काढायची, अशी माझी तऱ्हा.

ती म्हणाली, "तू कशाला रडतंस गो? माजाच बोलना चुकला. मी सरळ सांगाया पायजे व्हता."

"मग का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी काहीतरी बडबडत सुटले होते, मला तिथंच थांबवायचं होतंस."

ती तांदूळ चाळत राहिली. "तू हसत व्हतीस. तुजा हरतालिकेचा उपास. सवाष्णीला त्या दिवशी कसा सांगू, का माजा गेला म्हनून? तुज्या कुंकवाला कशाला लावू माजा अशुभ?" मग म्हणाली, "आख्ख्या जन्मात त्यांनी वीतभरच आनली. एवढी मोठी वेणी ह्या घरात पैल्यांदाच आली बघ."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी तो घेतला असता आणि घरी गेले असते. तिला खरोखरच ती वेणी सुंदर वाटली होती.

पुढल्या वर्षभरात बांधाची मोठी खांड गेली आणि ती कुणी बुजवली नाही. कुणासाठी बुजवायची? मंगेश आला, आईला रोह्याला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या उन्हाळ्यात मी कोलाडला एका लग्नाला गेले होते, येताना वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. छान जागा आहे. फरशी आहे, पंखा आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिने चहा केला. मला म्हणाली, "इथं भरती कळत नाय गो. पानी कवा आला, कवा गेला, कायच कळत नाय." मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "होईल सवय." ती म्हणाली, "सवय झाली. म्हनून तर सांगतंय." मग तिने बोटांवर मोजलं आणि विचारलं, "आज शुक्रवार ना?" मी हो म्हटलं. माझ्या ध्यानातच नव्हतं, नाहीतर मी शुक्रवारी गेले नसते.

पेणहून रोह्याला सरळ सडक आहे. उधाण नाही, ओहोटी नाही. ओवलेलं फूल कोमेजायच्या आत पोचतं. आता पोचवायला काही अडत नाही, आणि आता पोचवायचं काही नाही.

जनूभाऊने रिक्षा विकली. कधीमधी दुकानात येऊन बसतो. गेल्या महिन्यात सहज बेटखारकडे जाऊन आला. मी विचारलं, काय आहे तिथे. म्हणाला, खाडीतलं कांदळाचं रान वाढलंय, घरांच्या जोत्यात शिरलंय, भरतीचं पाणी धर्माच्या पडवीपर्यंत येतं. "खाट हाय अजून," तो म्हणाला. 

त्या हरतालिकेपासून मी सरळ बोलते. बंद ते बंद, संपलं ते संपलं, फुटलं ते फुटलं. लोकांना कडू लागतं. आमचे हेसुद्धा म्हणतात, "सासूने शिकवलेलं सगळं बुडवलंस." बुडवलं. गोड शब्दाच्या पोटात काय असतं ते मी पाहिलंय. एखादी गोष्ट गेली तर गेली म्हणावी, म्हणजे ऐकणारा निदान हसत तरी नाही.

आज पुन्हा हरतालिका. शुक्रवार नाही, एवढंच. सकाळपासून ओवते आहे. अकराच्या सुमाराला फोन वाजला, मी तो खांद्यावर घेतला, मानेने दाबला. मुंबईहून कुणी मुलगी बोलत होती. त्यांची फुलं पोचवायची काहीतरी कंपनी आहे, माझा नंबर कुणी दिला म्हणाली. आवाज लहान, उत्साही. "काकू, आम्ही सेम डे डिलिव्हरीसाठी तुमच्याकडच्या गावांची यादी करतोय. पटापट सांगता का? आज माझा उपास आहे, पहिलाच, मला चक्कर यायला लागलीय." आणि हसली. नवी नवरी असणार.

मी गावं सांगत गेले. ती लिहून घेत होती. मग तिनेच नकाशात बघून विचारलं, "आणि हे पाण्याजवळ एक आहे, बेटखार. तिथे किती घरं आहेत?"

तोंडाशी शब्द तयार होता. इतक्या वर्षांत मी तोच घोटला होता. संपलं. तीन अक्षरं आणि दोन टिंबं, एवढंच तर म्हणायचं होतं. हातात अबोली होती, समोर रांग होती, कानात त्या पोरीचं हसू होतं, आणि माझी जीभ काही केल्या वळेना.

मी म्हटलं, "वाढलं ते गाव."

"अरे वा," ती म्हणाली, "वाढलंय का? मग यादीत ठेवतेच."

मी म्हटलं, "बरं."